सोळावी ओळ

मोनिकाच्या प्रात्यक्षिक वहीत सोळाव्या ओळीसमोर दोन सह्या होत्या. एक माझी, एक रूपा सिस्टरांची. ओळ होती, ‘सलाईनमध्ये पोटॅशियम मिसळणे’. मी नर्सिंग कॉलेजात शिकवते. सिस्टर समोरच्या रुग्णालयात मुलांचा वॉर्ड सांभाळतात.

प्रात्यक्षिकाच्या तारखेला मी जालन्याला परीक्षक म्हणून गेले होते. म्हणजे सिस्टरांची सही पाहून मी माझी केली होती. मी वॉर्डात फोन लावला.

“सिस्टर, मोनिकाला हे तुम्हीच दाखवलंत ना?”

“मी कधी दाखवणार? महिनाअखेरीला चाळीस वह्या येतात, मॅडम. तुम्ही शिकवूनच पाठवता असं धरते, सही करते.”

“आत्ता कुठंय ती?”

“चार नंबरच्या खाटेला. तेच करायला पाठवलंय.”

फोन बंद झाला. मी रस्ता ओलांडून धावले. पोटॅशियम बाटलीत टाकल्यावर बाटली उलटसुलट करून मिसळावी लागते. नाही तर ते तळाशी, नळीच्या तोंडाशीच बसतं आणि एकदम रक्तात गेलं तर हृदय थांबतं.

मी पोचले तेव्हा सिस्टरांनी नळी बंद करून मुलाच्या हातापासून सोडवली होती आणि डॉक्टरांना बोलावलं होतं. मोनिकाच्या हातात रिकामी सिरिंज होती. बाटली टांगलेलीच होती.

“किती वेळ चालू होतं?”

“औषध टाकून बाटलीतून सुई काढली अन् सिस्टर आल्याच.”

“बाटली हलवलीस?”

“हलवायची असते?”

खाटेवरचा सत्यम दोन वर्षांचा. सिल्लोडहून आलेली त्याची आई उठून उभी राहिली. “डॉक्टरला कामून बोलावलं, ताई?”

“औषध नीट मिसळलं नव्हतं, म्हणून बंद केलं,” सिस्टर म्हणाल्या. “थोडा वेळ ठोके बघतो.”

मी मॉनिटरवरून नजर काढली नाही. डॉक्टरांनी ईसीजी दोनदा काढला, रक्त तपासायला पाठवलं. अर्ध्या तासानं ते आईला म्हणाले, “ठोके व्यवस्थित आहेत.” ती खाली बसली. आम्ही दोघी उभ्याच होतो.

सिस्टरांनी मोनिकाला नवी बाटली दिली. “टांगायची नाही. आधी उलटी कर. परत. मोज.”

“अशाच सह्या मिळालेल्या बाकीच्या मुली?” मी विचारलं.

“तिघी आत्ता ड्युटीवर आहेत. एक इथंच, बारा नंबरला. दोघी वर, सर्जरीत.”

मोनिकाचं मोजून होईपर्यंत आम्ही थांबलो. मग सिस्टर बारा नंबरकडे वळल्या आणि मी जिन्याकडे.