वाघाच्या गोष्टीमागचा रामसिंग

मित्रांनो, मी एक जुना अमेरिकन रिव्हॉल्व्हर आहे. दीडशे वर्षांपूर्वी अमेरिकेतल्या एका कारखान्यात माझं पोलाद घासलं गेलं, त्याला अक्रोडाच्या लाकडाची मूठ बसली. आज मी पांढरकवड्याला नयनभाऊंच्या काचेच्या कपाटात आहे. त्यांना असे जुने अमेरिकन रिव्हॉल्व्हर जमवायचा नाद. रीतसर परवाना आहे, आता आमच्यातून गोळी सुटत नाही. मऊ फडक्याने ते मला पुसतात तेव्हा मी लाजेने अवघडतो.

नयनभाऊंचे आजोबा, म्हणजे आबा, झरी जामणीच्या जंगलात सागवानाचे ठेकेदार होते. मी त्यांचाच. पाहुण्यांसमोर नयनभाऊ मला उचलत आणि सांगत, "आमच्या चौकीदारानं, रामसिंगनं, या रिव्हॉल्व्हरनंच वाघ मारला होता!" पाहुणे वाहवा करत. मला सगळं ठाऊक होतं, पण मी पडलो मुका.

एकदा त्यांनी हीच गोष्ट सांगतानाचा व्हिडिओ मोबाईलवर टाकला. आठवड्याभरात एक म्हातारी बंजारा बाई दारात उभी राहिली. घरात नागपूरहून आलेले दोघे संग्राहक बसले होते.

"मी सुखीबाई. रामसिंगची बहीण," ती म्हणाली. "नातीनं फोनवर दाखवलं. कोणता वाघ मारला रे माह्या भावानं?"

नयनभाऊंचा चेहरा उतरला.

"तुह्या आज्यानं बंदूक भरून ठेवली होती. भावाले म्हणे, खुंटीले टांग. हातातून सुटली, खाली पडली अन् उडाली. माह्यासमोर गेला तो. त्याले कायले वाघ मारायले लावतं?"

ती गोळी माझी होती, मित्रांनो.

नयनभाऊंच्या पत्नी नलूताई हळूच म्हणाल्या, "तुम्हाले माहीत होतं?"

"आबानं मरताना सांगितलं होतं मले," नयनभाऊ खाली बघत म्हणाले. "म्हणे, भरलेली आहे हे त्याले सांगाचं राहूनच गेलं. मले लाज वाटली. म्हणून गोष्टीत वाघ आणला."

"मंग आता सांग. या लोकायसमोर सांग," सुखीबाई म्हणाली.

नयनभाऊ उठले. त्यांनी सगळं सांगितलं: आजोबांची चूक, रामसिंगचं मरण, आपलं खोटं. मग मोबाईल काढून तेच पुन्हा बोलले आणि तो व्हिडिओही टाकला. संग्राहकांनी मला हातात घेतलं नाही.

"ही बंदूक तुमच्याकडे ठेवता का, मावशी?" नयनभाऊंनी विचारलं.

"मले नाई पाह्यजे. तुह्याच घरी राहू दे. तुले दिसली पाह्यजे."

नलूताईंनी चहा केला. सुखीबाईने तो घेतला, बशी खाली ठेवली आणि ती निघाली.

आता पाहुणे मला पाहतात, तेव्हा नयनभाऊ त्यांना खरी गोष्ट सांगतात. कौतुक संपलं, पण रामसिंगचं नाव खरेपणाने घेतलं जातं. माझ्यावरचा भार त्याने उतरत नाही.

मित्रांनो, जुन्या वस्तू जरूर जपा. तेल लावा, गंज काढा. पण एखादीमुळे कोणाचं घर रडलं असेल, तर तेही सांगा. आम्हाला स्वतःहून सांगता येत नाही.