सहीशेजारची जागा

सकाळी सव्वासातच्या सुमारास नारायण पेठेतल्या माझ्या खोलीत ऊन येते. आधी ते समोरच्या इमारतीच्या पाण्याच्या टाकीला टेकते, मग तिसऱ्या मजल्यावर वाळत घातलेल्या टॉवेलमधून गाळल्यासारखे फिके होते, आणि दोन इमारतींमधल्या हातभर फटीतून माझ्या खिडकीपर्यंत पोहोचते. गजांच्या सावल्या प्रथम भिंतीवरच्या ओलीच्या डागावर पडतात, तिथून कॅलेंडरवर आणि मग टेबलावर उतरतात. टेबलाची कड गाठायला त्यांना वीस मिनिटे लागतात. हे मी गेल्या महिन्यात मोजले, कारण गेल्या महिन्यात मला दुसरे काम नव्हते. त्या उन्हात ऊब नसते, रंगही फारसा नसतो. हवेतली धूळ तेवढी दिसते. आज ते टेबलावरच्या निळ्या फाइलवर येऊन थांबले, तेव्हा मी फाइल उचलून पिशवीत ठेवली. अकरा वाजता कामगार आयुक्तांच्या कार्यालयात आमची पहिली तारीख होती.

आम्ही म्हणजे तिघे. एका लहानशा प्रकाशन कंपनीच्या इंग्रजी-मराठी शब्दकोशाचे काम आम्ही करत होतो. दीनानाथकाका बावीस वर्षे मुद्रिते तपासत होते, अस्मिता संगणकावर नोंदी लावत असे आणि मी शब्दांच्या व्युत्पत्ती लिहीत असे. महिन्यापूर्वी कंपनीने कोश बंद करायचे ठरवले. एकेकाला आत बोलावून, आधीच टाइप केलेल्या राजीनाम्यावर सही घेणार आहेत, अशी कुणकुण आम्हाला आदल्या दिवशी लागली. अस्मिताने तिच्या ओळखीच्या वकील सरोजिनीताईंना फोन लावला.

"सही टाळता आली नाही, तर शेजारी 'अंडर प्रोटेस्ट' लिहा," त्या म्हणाल्या. "पण तिघांनीही. एकानं जरी नुसती सही केली, तरी ते तोच कागद पुढे करतील. म्हणतील, बघा, यांनी राजीखुशीनं दिलाय, मग इतरांवर कसली जबरदस्ती?"

दुपारच्या चहाला काकांनी माझ्याकडे चष्म्यावरून पाहिले. "बोला शुभंकरपंत. काय लिहायचंय ते कळू तरी दे. नाहीतर सही आमची आणि अर्थ वकिलांचा."

त्या कार्यालयात मी इतका वेळ सलग कधी बोललो नव्हतो. मी सांगितले की 'प्रोटेस्ट' हा शब्द लॅटिनमधून आला आणि त्याच्या पोटात 'साक्षीदार' आहे. इंग्रजीत तो आला तेव्हा त्याचा अर्थ विरोध असा नव्हता. चारचौघांसमोर एखादी गोष्ट गांभीर्याने सांगणे, एवढाच होता. आपण निर्दोष आहोत असे कुणी ठासून सांगू लागला, तर इंग्रजी आजही त्याच्यासाठी हेच क्रियापद वापरते. न वटलेल्या हुंडीवर नोटरी जी नोंद करी, तिचेही नाव प्रोटेस्टच. हरकतीचा अर्थ पुढे जडला, आणि फलक घेऊन रस्त्यावर उतरण्याचा तर गेल्या शतकातला.

"आपला 'निषेध' हा शब्द समोरच्याला अडवू पाहतो," मी म्हणालो. "हा शब्द मुळात कुणाला अडवत नव्हता. घडतंय तिथे फक्त साक्षीला उभा राहत होता."

"म्हणजे माझ्यासारखाच," काका म्हणाले. "बावीस वर्षं उभा आहे."

"उभे कुठले, काका? खिडकीजवळची खुर्ची अडवून बसलायत," अस्मिता म्हणाली आणि परीक्षेला निघालेल्या मुलीसारखे तिने ते दोन शब्द बॉलपेनने तळहातावर लिहून घेतले. मी लिहून घेतले नाहीत. मला ते पाठ होते.

दुसऱ्या दिवशी आत माझी पाळी शेवटची होती. कंपनीच्या व्यवस्थापक मॅडमनी पाण्याचा पेला पुढे सरकवला. "घाई नाही, शांतपणे वाचा," त्या म्हणाल्या, आणि स्वतःचे पेन दिले. कागद स्वच्छ होता. समास दोन्ही बाजूंनी सारखा, कुठे एक खाडाखोड नाही. नोकरीच्या पहिल्याच वर्षी काकांनी मला शिकवले होते की अंतिम प्रतीवर आपले अक्षर दिसता कामा नये. मी सही केली. पेन क्षणभर कागदावर धरून ठेवले. मॅडम हसल्या, म्हणून मीही हसलो. बाहेर पडताना मी त्यांना धन्यवाद दिल्याचे आठवते.

"लिहिलंस ना रे?" जिन्यात काकांनी विचारले.

"हो," मी म्हणालो.

पुढे दर सकाळी ते दोन शब्द मला अधिक स्पष्ट आठवू लागले. निळी शाई, जरा उजवीकडे कललेली अक्षरे, शेवटच्या टीची लांबलेली आडवी रेघ. राजीनाम्याची प्रत निळ्या फाइलमध्ये होती. ती उघडण्याची गरज मला वाटली नाही.

आयुक्तांच्या कार्यालयाबाहेरच्या बाकावर काका कडक इस्त्रीचा सदरा घालून बसले होते. छप्पन्नाव्या वर्षी त्यांना मुद्रिते तपासायला कुणी नव्याने ठेवून घेणार नव्हते, आणि हे ते स्वतःच सर्वांना सांगत.

"आत साहेबांनी विचारलं तर अर्थ तू सांग," ते मला म्हणाले. "मी सांगितला की भाषण होतं."

सरोजिनीताईंनी प्रती मागितल्या. अस्मिताच्या प्रतीवर ते शब्द मोठ्या, ठसठशीत अक्षरांत होते. काकांनी इंग्रजीखाली मराठीतही लिहिले होते, आणि त्याखाली तारीख, वेळ.

"आणि तुमची?"

मी फाइल दिली. त्यांनी कागद पाहिला, उलटा केला, पुन्हा सुलटा केला. "कुठे लिहिलंय?"

"द्या इकडे. याचं अक्षर मुंगीएवढं असतं," काका म्हणाले. त्यांनी चष्मा पुसला, कागद मांडीवर घेतला आणि सवयीने पहिल्या ओळीपासून बोट फिरवायला सुरुवात केली. एकही ओळ न गाळता ते खाली येत होते. सहीपाशी बोट थांबले. मग ते पुन्हा वर गेले आणि पहिल्या ओळीपासून सुरू झाले.

"काका, शोधू नका," मी म्हणालो. "मी ते लिहिलंच नव्हतं."