फिरवलेला वारा

मी एक जुनं विमान आहे, मित्रांनो. जन्मात एकदाही न उडालेलं. आखूड पंख, लाकडी पोट, पोटाखाली भाते. भात्यांत हवा भरली की मला जागच्या जागी वळता-कलता येई. शिकणारा आत बसला आणि झाकण लागलं, की त्याला फक्त घड्याळांसारख्या यंत्रांचे काटे दिसत. उडायला शिकायचं ते आधी माझ्या पोटात.

साठ सालच्या सुमारास मला नागपुरात आणलं, सोनेगावच्या विमानतळाजवळ, एका पत्र्याच्या शेडमध्ये. शेजारच्या टेबलापाशी गणपतराव बसत. पूर्वी ते खरी विमानं चालवत. डोळे अधू झाले, डॉक्टरांनी मनाई केली, तेव्हापासून ते माझे टॉवर झाले, विमानाला खालून वाट सांगणारे.

टेबलावर वाऱ्याची एक मूठ होती. ती फिरवली की माझ्यापुरता वारा फिरे. मग वारा कुठला आणि उतरायचं कोणत्या टोकानं, ते गणपतराव आतल्याच्या कानात सांगत. वायव्येचा वारा असला की ‘बत्तीस’, आग्नेयेचा असला की ‘चौदा’. एकाच धावपट्टीच्या दोन टोकांची ही नावं. वारा नेहमी समोरून घ्यायचा. पाठीवर घेतला तर विमान थांबता थांबत नाही. आतला कसा येतो आहे, ते टेबलावरची लेखणी कागदावर लाल शाईनं काढत जाई.

नीला नावाची मुलगी शिकायला आली आणि पहिल्याच दिवशी वारा पाठीवर घेऊन उतरली.

“अशीच येत जाय,” गणपतराव म्हणाले. “वर्धा रोडच्या टपरीवर चहा सांगून ठेवतो. तिथंच जाऊन थांबशीन तू.”

नीला शिकली, खरी विमानं चालवू लागली. इकडे शिकणारे कमी झाले. माझे भाते फाटत चालले, कोणी ठिगळ लावेना. शेवटी मला अडगळीत टाकायचं ठरलं. गणपतरावांची नजर तोवर फारच गेली होती, पण ते कोणाला सांगत नसत.

त्या शेवटच्या दिवशी नीला भेटायला आली.

“एक डाव मले उतरू दे वं,” ते म्हणाले. “हे शेवटचं तरी नीट होऊ दे.”

ते आत बसले, ती टेबलापाशी. तिनं वायव्येचा वारा लावला, ‘बत्तीस’ सांगितलं. त्यांनी आतून ‘बत्तीस’ अगदी बरोबर परत म्हटलं. पण काटा त्यांना दिसत नव्हता. ते इतके पुढे वाकले की माझ्या काचेवर त्यांच्या श्वासाची वाफ धरली. बाहेर कागदावर लाल रेघ भलत्याच टोकाकडून येऊ लागली. वारा पाठीवर.

चूक सांगायला नीलानं तोंड उघडलं, आणि मिटलं. मग हळूच मूठ फिरवली.

“वारा बदलला, सर. आता आग्नेयेचा. चौदावर उतरा.”

आतून गणपतरावांनी विचारलं,

“बदलला, का तू बदलवला?”

“वारा आहे, सर. बदलते.”

ते उतरले, अगदी अलगद. झाकण उघडायला मात्र त्यांनी फार वेळ लावला. त्यानंतर ते कधी आले नाहीत.

मित्रांनो, खरा वारा कोणाच्या हातात नसतो. पण घरातलं थकलेलं माणूस भलत्या बाजूनं येताना दिसलं, तर ओरडण्याआधी आपल्या हाताशी एखादी मूठ आहे का, तेवढं बघा.

माझी मूठ अजून आग्नेयेवरच आहे. कधी या कोपऱ्यात आलात, तर माझ्यावरची धूळ जरूर पुसा. ती मूठ तेवढी फिरवू नका.