आबाच्या तळहातावरची गोळी

बसा, टेकून बसा. अहो, गादीला काय घाबरता, ती चावते थोडीच? उद्या तुमचं ऑपरेशन म्हणून तुमचा चेहरा असा पडलाय, मला काय दिसत नाही? तर ऐका. तुम्ही बसलाय ना, त्याच गादीची गोष्ट सांगतो. चहा गार झाला तर मला बोल लावू नका.

ही गादी मऊशेठची, त्याच्या घरची, पुढं माझ्याकडं आली. शेठबिठ कसला, गाद्या शिवणारा साधा माणूस. दिवसभर कापसात बसून त्याच्या भुवयांवर, मिशीवर, कानाच्या पाळीवर कायम कापूस चिकटलेला, म्हणून गल्लीनं नाव पाडलं मऊशेठ. बोटं मात्र दाभण ओढून ओढून इतकी राठ झालेली की शर्टाची गुंडी लावायलाही बायको लागायची. पाकिटातून गोळी फोडणं तर त्याच्या बापजन्मात जमलं नाही. एकदा दाबली, ती पंख्याला आपटून बायकोच्या चहात पडली.

आणि प्रेशरच्या गोळ्या होत्या दोन. एक गुलाबी, बारकी. दुसरी पांढरी, लांबोळकी. बायको रोज झोपायच्या आधी दोन्ही फोडायची आणि उशाशी स्टुलावर दोन झाकणांत ठेवायची. सकाळी मऊशेठचे डोळे उघडायच्या आधी हात उठायचा. एक झाकण, दुसरं झाकण, घोटभर पाणी, की पुन्हा कुशीवर. पोटात काय गेलं याचा डोक्याला पत्ता नसायचा.

पुढं त्याला हर्निया झाला. गाठोडं उचललं की जांघेत लिंबाएवढा फुगवटा यायचा, आणि एकदा तर तो आत जाईचना. घामाघूम झाला गडी. डॉक्टर म्हणाले, पुन्हा अडकला तर जिवावर बेतेल, ऑपरेशन करून टाका. पहिल्या खेपेला या शहाण्यानं काय केलं? उपाशी या म्हणाले, तर हा असा उपाशी गेला की गोळ्याही आपल्या मनानंच बंद. विचारलं नाही कुणाला. तिथं दंडाला पट्टा बांधला तर प्रेशर आभाळाला टेकलेलं आणि छातीत घोडा उधळलेला. दिला पाठवून घरी.

दुसऱ्या खेपेला भुलीच्या डॉक्टरबाईंनी नवरा-बायको दोघांना समोर बसवलं.

"हे बघा काका, गुलाबी सोडायची नाही. तिनं तुमच्या हृदयाला लगाम घातलाय. ऑपरेशनच्या सकाळीही घोटभर पाण्याबरोबर घ्यायची. पांढरी मात्र त्या सकाळी नको. ती पोटात असताना भूल दिली तर प्रेशर असं खाली बसतं की वर काढताना आमच्या नाकी नऊ येतात. आणि हे तुमच्यापुरतं हं. शेजाऱ्याला सांगत सुटू नका, त्याचं वेगळं असेल. कळलं?"

"यांना नाही कळलं तरी चालेल," बायको म्हणाली. "झाकणं माझ्या हातात आहेत."

पण हात तो हातच. आदल्या संध्याकाळी तिचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. पिशवीत चादर भरतेय, काढतेय, पुन्हा भरतेय. त्या नादात रोजच्या हातानं दोन्ही झाकणं भरली आणि दिवा मालवला.

उजाडता उजाडता मऊशेठला स्वप्न पडलं. त्याचंच दुकान, पण भिंती नाहीत. कापूस उडतोय, सावकाश, पिंजताना उडतो तसा, पण खाली म्हणून येत नाही. वर वर चाललाय आणि त्याच्यासंगं दाभणं, कात्री, गिऱ्हाइकांच्या उशा, सगळं हलकं होऊन तरंगतंय. आणि त्या कापसात मांडी घालून बसलाय त्याचा बाप. आबा जाऊन कितीतरी वर्षं झालेली. पण मिशा अगदी काळ्याभोर. आबानं तळहात पुढं केला.

"काय रे, एकट्यानंच खातोस?"

"औषध आहे, आबा."

"मग मला काय औषध वर्ज्य आहे? आण इकडं."

मऊशेठनं दिली. आबाच्या तळहातावर अलगद ठेवली. कापूस वर गेला, आबाही वर गेला.

जाग आली तेव्हा दोन्ही झाकणं रिकामी.

"अगं, आज दोन होत्या?"

बायकोनं झाकणं उलटी करून बघितली, स्टुलाखाली वाकून बघितलं.

गाडीत बसल्यावर मऊशेठ दबक्या आवाजात म्हणाला, "तिथं काही बोलू नकोस. परत घरी पाठवतील. हे पुन्हा अडकलं तर मी काय करू? पांढरी मी आबाला दिलीय, मिटला विषय."

"आणि आबांकडं नसली तर?"

"म्हणजे?"

"म्हणजे तुमच्या पोटात असली तर?"

मऊशेठनं पोटावर हात ठेवला, तो उतरेपर्यंत काढला नाही.

आत खाटेवर निजवला. भुलीच्या बाई आल्या, पट्टा बांधला.

"गुलाबी घेतली?"

"घेतली."

"पांढरी?"

मऊशेठनं छताकडं बघितलं. "दिली."

"कुणाला?"

"वडलांना."

"वडील घरीच असतात?"

"नाही. वारले."

बाईंनी बायकोकडं बघितलं. तिचा बांध फुटला. "बाई, यांची काही चूक नाही हो. मीच दोन्ही ठेवल्या. एक यांनी गिळली, दुसरीचं स्वप्न पडलंय. रागवायचं तर मला रागवा."

बाई रागावल्या नाहीत, हसल्याही नाहीत. त्यांनी स्टूल ओढलं.

"पोटात असली तर आज ऑपरेशन नाही. तुमच्या ऑपरेशनची घाई नसताना मी जुगार खेळणार नाही. पण आधी दुसऱ्या पेशंटला घेतात, तोवर वेळ आहे. काका, डोळे मिटा. स्वप्न सांगा, पहिल्यापासून."

मऊशेठनं डोळे मिटले. थोडा वेळ नुसता दिव्याचा तांबूस उजेड. मग एक पुंजका उडाला, मग दुसरा. तो सांगत गेला, उशा, कात्री, काळ्या मिशा.

"हात कसा होता वडलांचा?"

"मऊ." मऊशेठच्या कपाळाला आठी पडली. "मऊ कसा असेल? आबाच्या हाताला घट्टे. माझ्यासारखेच. आणि मधोमध काहीतरी होतं. गाठ. दोऱ्याची गाठ."

आणि तो असा उठून बसला की पट्टाच सुटला.

"अगं, आबाचा हात नव्हे तो! खळगी! गादीची खळगी!"

आता बघा तुमच्या हाताशी. गादीला टाका ओढला की कापूस दबतो आणि खळगी पडते, आणि तिच्या तळाशी दोऱ्याची गाठ. लगोलग घरी मुलीला फोन लावला.

"स्टुलाकडची खळगी बघ. चादर काढ. बोट खाली घाल, आबाच्या तळहातात घालावं तसं."

"बाबा, तुम्हाला भूल दिली का?"

"अजून नाही! बघ आधी."

पलीकडं खसफस. मऊशेठनं बायकोचा हात इतका दाबला की ती कळवळली.

"आहे," मुलगी म्हणाली. "गोळी आहे. कापूस चिकटलाय."

बाईंनी फोन घेतला. "रंग?"

"पांढरी. लांब."

"अख्खी? गुलाबी नाही ना तिथं?"

"अख्खी. गुलाबी नाही."

फोटो मागवला, बघितला. मग बाई पहिल्यांदा हसल्या. "काका, वडलांना आमचा नमस्कार सांगा."

आत नेलं. नाकावर मास्क आला आणि कापूस पुन्हा उडायला लागला. आबा तिथंच बसला होता.

"आज काय आणलंस?"

"काही नाही आबा. उपाशी आहे."

"मग ये, टेक जरा."

मऊशेठ टेकला.

डोळे उघडले तेव्हा बायको त्याच्या भुवईवरचा कापूस वेचत होती. इतकं धुऊनपुसून आत नेलेला माणूस, तरी एक पुंजका राहिलाच होता.

तर असं. आता माझं एक ऐका. घरी गेल्यावर उद्याची कुठली घ्यायची आणि कुठली नाही, ते दिव्याच्या उजेडात घरातल्या कुणाला बसवून दोघांनी मिळून बघा. शंका आली तर डॉक्टरांना सांगून टाका, अगदी स्वप्न असलं तरी. आणि आता जरा उठता का? माझा चष्मा मघापासून दिसत नाही. तुमच्या बुडाखालच्या त्या खळगीत हात घालून बघा बरं.