नात्सुएच्या दगडावरची तारीख

नागुमो न विचारता बूट काढून आत येऊन बसला, तेव्हाच इतोएच्या मस्तकात तिडीक गेली. याच घरात नऊ वर्षं राहून तो तिच्या वडिलांकडे, गोन्झो पाथरवटाकडे, थडग्यांवर अक्षरं कोरायला शिकला होता. बाईच्या हातात छिन्नी शोभत नाही, हे वडिलांचं वाक्य तो त्यांच्यापेक्षा मोठ्याने म्हणायचा.

त्याने टॅबलेट पुढे सरकवला. "गुरुजींच्या अक्षरांचा फॉन्ट. चार वर्षं मुरे गावातली थडगी पालथी घातली, सहाशे ठसे घेतले. थडगी उभारणाऱ्या जिवंत माणसांची नावं तांबड्या रंगात असतात, ती तेवढी सोडली. अशुभ नको. वारस म्हणून तुझा शिक्का हवाय."

"आणि मला आज सांगतोयस?"

"तुला काय विचारायचं? तू चहा करायचीस."

इतोएने चहा विचारलासुद्धा नाही. "यातलं सगळ्यात देखणं कुठलं?"

"हे. नात्सुए नावातलं पहिलं अक्षर. अख्खा फॉन्ट यावरून बेतलाय. असा हात पुन्हा होणे नाही."

"ठसा कुठला?"

"तोकुरा घराण्याच्या दगडाचा. मागे गुरुजींची सही आहे."

"सही तोकुरांचे आजोबा गेले तेव्हाची. घरातलं माणूस गेलं की त्याच दगडावर नाव वाढवतात, हे आता मी तुला शिकवू? नात्सुए गेली ती तारीख वाच."

त्याने वाचली. गुरुजींना जाऊन तेव्हा सहा वर्षं झाली होती.

"तू गेल्यावर, सत्तरीत बाबांचा हात थरथरायला लागला," इतोए म्हणाली. "पुढची अठरा वर्षं मीच कोरलं. बाबा होते तोवर गिऱ्हाईक आलं की माझ्या हातातली छिन्नी काढून घ्यायचे." तो राग अजून गेला नव्हता. आता तोच हात बापाच्या नावाने जगभर जायला निघाला होता.

नागुमोने टॅबलेट स्वतःकडे ओढला. "लोकांना काय कळतंय? नाव गुरुजींचंच राहू दे. झाकली मूठ सव्वा लाखाची."

"मूठ माझी आहे. माझं नाव घाल, नाहीतर माझी अक्षरं काढ."

तो हट्टाने काढायला बसला. ती एकेका दगडाची तारीख सांगत गेली आणि तो पुसत गेला. सहाशेतली चौऱ्याण्णव उरली. तेवढ्या अक्षरांत एक पान छापून झालं नसतं.

"घालतो तुझं नाव," तो शेवटी पुटपुटला. बोटं टॅबलेटवर नुसतीच थांबली. "इतोए बऱ्याच अक्षरांनी लिहिता येतं. तू कुठल्या अक्षरांनी लिहितेस?"

नऊ वर्षं हा माणूस तिच्या हातचा भात जेवला होता. इतोएला वाटलं होतं तिला आता कशाचंच वाईट वाटणार नाही. पण वाटलं.

"बाबांच्या थडग्यावर जा," ती म्हणाली. "दरवर्षी वाकतोस तिथे. कडेला, दगड उभारणाऱ्याचं नाव आहे, तांबड्या रंगात. मीच कोरलंय. ठसा घेऊ नकोस. नुसतं वाचून ये."