तिसरी काच

सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती. सगळे ज्याला प्रकाशगुरू म्हणत, त्याने दिव्यासमोर दोन काळपट काचा धरल्या. दिवा दिसेनासा झाला.

“ही डॉक्टरांची दृष्टी. नुसता अंधार.” मग दोन्हींच्या मध्ये त्याने तिसरी काच सरकवली आणि दिवा पुन्हा दिसू लागला. “ही क्वांटम कृपा. अडथळा वाढला, तरी उजेड आला.”

लोकांनी हात जोडले. त्यांत माझी ताईही होती. शेजारणीने सांगितलं म्हणून मी तिला शोधत आलो होतो. तिच्या गळ्यात तसलीच काच होती. छातीतली गाठ काढायला डॉक्टरांनी सांगून सात महिने झाले होते आणि या काचेच्या भरवशावर तिने ती काढलीच नव्हती, हे मला त्या दिवशी कळलं.

दुसऱ्या दिवशी मी तिला माझ्या प्रयोगशाळेत नेलं. तिथे मी प्रकाशकणांची मापनं करतो. साध्या फिल्मचे तीन तुकडे तिच्या हातात दिले.

“प्रकाश लाटेसारखा डोलतो. पहिल्यातून फक्त उभा डोलणारा प्रकाश जातो, दुसऱ्यातून आडवा. म्हणून अंधार. आता तिसरा मध्ये तिरपा धर.”

उजेड आला. “म्हणजे तो खोटं नाही बोलत,” ती म्हणाली.

“उजेड खरा आहे गं, कृपा खोटी. मधल्या तुकड्याने प्रकाशकणाला ‘तिरपा आहेस का’ विचारलं की ‘उभा’ हे आधीचं उत्तर पुसलं जातं. दोन्ही उत्तरं एका वेळी पक्की राहत नाहीत. मग काही कण आडव्यातूनही निसटतात. आम्ही इथे हेच तपासतो. आता तोच तुकडा दोन्हींच्या पुढे धर.”

अंधार. ताईने गळ्यातली काच काढून तशीच धरली. मध्ये उजेड, पुढे अंधार.

काच टेबलावर ठेवून ती म्हणाली, “तुला आधीच विचारणार होते. पण तू हसला असतास.”

मी हसलोच असतो.

गुरूच्या पुढच्या बैठकीत तिने सगळ्यांसमोर तेच करून दाखवलं. “श्रद्धा नसली की काच काम करत नाही,” गुरू म्हणाला.

“मध्ये धरली तेव्हा उजेड आला, तेव्हा तरी श्रद्धा कुठे होती?” ताईने विचारलं.

काहींनी गळ्यातल्या काचा काढल्या. काहींनी तिलाच खाली बसवलं.

शस्त्रक्रिया झाली, पण आजार फुप्फुसापर्यंत पोचला होता. पाच महिन्यांत ताई गेली.

चमत्कार दिसला की तो स्वतःच्या हाताने, जागा बदलून करून पाहा. तोवर औषध थांबवू नका. आणि ज्यांना कळतं त्यांनी हसू नये. घरच्या माणसाला आपल्याला विचारायची भीती वाटू नये.