निम्म्याची रेघ

मास्तरांनी पाठवलेल्या रिपोर्टात तीन ओळी लाल होत्या. ताईने तो वाचला आणि टेबलाखालची भरलेली बॅग पायाने आणखी आत सरकवली. लेकीला पहाटे दवाखान्यात दाखल केलं होतं. पहिलटकरीण. दुपारच्या गाडीने ताई तिच्याकडे जाणार होती.

ताई चिपमधलं सर्किट आखायची. ऑफिसात सगळेच तिला ताई म्हणत, तिच्याहून वयाने मोठे असलेले साहेबसुद्धा. मास्तर पूर्वी कॉलेजात शिकवायचे. आता तिची सर्किटं तपासायचे, आणि तपासताना कुणाची गय करत नसत.

"तीन कोपऱ्यांत नापास," ते दारातूनच म्हणाले. "तिन्ही कमी व्होल्टेजचे."

एकाच साच्यातून निघालेल्या चिपसुद्धा सारख्या नसतात. एखादी चपळ निघते, एखादी सुस्त. कुणाला पुढे कडक उन्हात राबावं लागतं, कुणाला गारठ्यात, कुणाला उतरलेल्या बॅटरीवर. अशा टोकाच्या परिस्थितींना ही माणसं कोपरे म्हणतात. चिप कारखान्यात धाडण्याआधी कॉम्प्युटरवर प्रत्येक कोपऱ्यात सर्किट चालवून बघायचं आणि सिग्नलच्या लाटा एकमेकींवर ठेवून ताडायच्या, अशी रीत. ताईच्या सर्किटातला हा सिग्नल पुढच्या भागाला 'आता सुरू कर' असं सांगणारा होता. लाल कोपऱ्यांत तो उशिरा पोचत होता.

फाइल संध्याकाळपर्यंत कारखान्याकडे जायलाच हवी होती. दुरुस्ती निघाली तर ताईला थांबावं लागणार. त्या सर्किटाची नस न् नस दुसऱ्या कुणाला ठाऊक नव्हती.

साहेब येऊन खुर्चीमागे उभे राहिले. "ताई, मला सांगवत नाही, पण..."

"मग सांगू नका. आधी बघू तर द्या."

तेवढ्यात जावयाचा फोन आला. "आई, घाई करू नका, डॉक्टर म्हणतात अजून अवकाश आहे. पण ही सारखी विचारतेय, आई निघाली का म्हणून."

"तिला सांगा..." पुढे काय सांगायचं ते ताईला सुचेना. "मीच करते फोन."

तिने सगळ्या कोपऱ्यांतल्या लाटा पडद्यावर एकत्र मांडल्या. चढ पुन्हा पुन्हा पाहिला. मास्तरांचे आकडे बरोबर होते. मग ती लाटेच्या दुसऱ्या बाजूला गेली.

"मास्तर, रिपोर्टात नुसता चढ आहे. उतार कुठाय?"

"अट चढाला आहे. उताराला कोण विचारतो?"

"मी विचारतेय."

मास्तर कुरकुरत खुर्ची ओढून बसले. त्यांनी उतार मोजला, चष्मा पुसला आणि पुन्हा मोजला. "गंमतच आहे. चढायला उशीर, पण उतरतो मात्र इतरांच्या आधी. उशिरा यायचं आणि लवकर जायचं! हे सर्किट नव्हे ताई, हे तर आपले साहेब."

"मी इथेच उभा आहे," साहेब म्हणाले.

ताई हसली नाही. "सुस्त असेल तर दोन्हीकडे सुस्त हवं. उतरतानाच कसली घाई झालीय त्याला?" तिने रिपोर्टाच्या पाठीमागे एक उंच टेकडी काढली, शेजारी एक बुटकी, आणि दोन्हींमधून एकच आडवी रेघ ओढली. उंच टेकडीला ती कमरेत कापत होती. बुटकीला पार डोक्याजवळ. "तुम्ही वेळ कुठे मोजता?"

"निम्म्यावर. लाट निम्मी उंची गाठते तिथे. जगात सगळे तिथेच मोजतात."

"कुणाच्या निम्म्यावर?"

मास्तरांनी कीबोर्ड पुढे ओढला. मग मोजणीच्या सूचनांची स्क्रिप्ट उघडली. तिथे सरळ अर्धा व्होल्ट लिहिलेला होता. नेहमीच्या एक व्होल्टाच्या लाटेला ते ठीक. पण लाल कोपऱ्यांतल्या लाटा मुळात पाऊण व्होल्टाच्याही नव्हत्या. रेघ त्यांच्या डोक्याशी येत होती: तिथवर चढायला वेळ लागणार, आणि उतरताना ती लगेच मागे पडणार.

"पोराची छाती मी बापाच्या उंचीवर शोधत होतो," मास्तर म्हणाले, "आणि हाताला लागलं कपाळ."

त्यांनी प्रत्येक कोपऱ्याला त्याच्या स्वतःच्या निम्म्यावर रेघ दिली. लाटा तयारच होत्या, फक्त पुन्हा मोजायच्या होत्या. तिन्ही लाल ओळी काळ्या झाल्या. साहेबांनी इतका मोठा सुस्कारा सोडला की टेबलावरचा कागद हलला.

"झालं! निघा ताई."

"थांबा. जास्त व्होल्टेजच्या लाटांना हीच रेघ निम्म्याच्या खाली पडत होती. त्यांना फुकटचे मार्क मिळाले असतील."

"अहो, तुमची गाडी चुकेल."

"चुकली तर पुढची बघेन. मोजा."

मास्तरांनी मोजणी पुन्हा लावली. त्या कोपऱ्यांचे आकडे एकेक करून थोडे मागे सरकले. ताईने टेबलाची कड घट्ट धरली होती, हे तिचं तिला कळलं नव्हतं. शेवटचा आकडा आला. लाल एकही नाही.

फक्त आधीच्या तीन लालांपैकी एक, सुस्त चिप, गारठा आणि उतरलेली बॅटरी असं सगळं एकत्र आलेला कोपरा, अगदी थोडक्यात सुटला होता. ताई त्याच्याकडे बघत राहिली. असं थोडक्यात सुटलेलं तिला कधीच आवडलं नव्हतं.

"काठावर पास म्हणजे पासच," मास्तर म्हणाले. "माझा निम्मा वर्ग तसाच पुढे जायचा. आणि सवड धरूनच अट ठेवलीय ना आपण? तुम्हीच ठेवलीत."

"मीच ठेवली," ताईने कबूल केलं आणि रिपोर्ट मंजूर केला. "यापुढे निदान लाल ओळींचा तरी उतार मोजत जा."

"सगळ्यांचा मोजेन. जा आता, आजीबाई."

जिन्यात पोचल्यावर तिने फोन लावला. लेकीनेच उचलला.

"आई, खरं सांग. येतेयस की अडकलीस?"

"निघाले."

"निघाले म्हणजे खुर्चीतून उठलीस, की खरंच निघालीस?"

"जिन्यात आहे गं बाई. आवाज घुमतोय, ऐक की."

पलीकडे लेक हसली आणि हसता हसता थांबली. "आई गं... कळ येतेय. ठेवू नकोस हं."

"नाही ठेवत," ताई म्हणाली. फोन कानाशी धरून, दुसऱ्या हाताने कठडा पकडत ती उरलेला जिना भराभर उतरू लागली.